वायर हरवली म्हणून यंत्र टाकू नका

या स्तंभात आपण बहुधा ठेवी, वारसनोंद, विमा, मृत्युपत्र अशा विषयांचा विचार करतो. गेल्या अंकातील संयुक्त खात्यांविषयीच्या लेखावर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी एका भगिनींच्या पत्रातील शेवटचा प्रश्न मात्र अगदी निराळा होता. त्या लिहितात, "घरातील लहानसहान चार्जिंगच्या वस्तूंच्या वायरी हरवतात किंवा तुटतात. दुकानात गेले की 'ही वायर आता मिळत नाही, नवीन वस्तूच घ्या' असे सांगतात. वस्तू तर धडधाकट असते. ती टाकून देणे जिवावर येते. याला काही मार्ग आहे का?"

प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. परंतु आपापल्या घरातील कपाटे आणि खण डोळ्यांपुढे आणावेत. दाढीचा ट्रिमर, स्वयंपाकघरातील हाताने धरायचे ब्लेंडर, वीज गेल्यावर लागणारा दिवा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, वाफ घेण्याचे यंत्र, लहान पंखा, मुलांचा अभ्यासाचा दिवा, आजी-आजोबांचे श्रवणयंत्र. वीस वर्षांपूर्वी यांतील बहुतेक वस्तू एकतर थेट भिंतीच्या प्लगवर चालत, नाहीतर पेन्सिल सेलवर. आज त्यांच्या पोटात बॅटरी बसवलेली असते आणि त्या बॅटरीचे सारे जीवन एका हातभर वायरीवर अवलंबून असते. वायर शंभर-दीडशे रुपयांची, वस्तू हजार-दोन हजारांची. वायर नसेल तर वस्तूची किंमत शून्य. ताळेबंदात एवढ्या लहान नोंदीने एवढी मोठी मालमत्ता बुडालेली कोणत्याही व्यापाऱ्याला खपणार नाही. म्हणून हा अंक त्या भगिनींच्या प्रश्नासाठी.

आधी मूळ तत्त्व सांगतो, कारण बाकी सर्व त्यातूनच निघते. पिन खाचेत बसली म्हणजे वायर जुळली, असे नव्हे. बँकेत धनादेश आला की आम्ही केवळ नाव पाहून पैसे देत नसू. एकाच नावाची दहा खाती एका शाखेत असत. नाव, खाते क्रमांक आणि सही ही तिन्ही जुळली तरच रक्कम दिली जाई. वायरीचेही तसेच आहे. पिनचा आकार हे झाले नाव. खाते क्रमांक आणि सही यांच्या जागी आहेत व्होल्ट आणि अँपिअर. गोल पिनच्या बाबतीत आणखी एक चौथी गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे धन आणि ऋण टोकांची दिशा. केवळ पिन बसते म्हणून वायर लावणे, हे केवळ नाव जुळते म्हणून रोकड देण्यासारखे आहे.

व्होल्ट म्हणजे वीज किती दाबाने येते त्याचे माप. गच्चीवरील पाण्याची टाकी जितकी उंच, तितका खालच्या नळाला दाब अधिक. यंत्राला जो दाब सोसतो तोच त्यावर छापलेला असतो. यंत्र ५ व्होल्टचे असेल तर त्याला ५ व्होल्टच हवेत. इंटरनेटच्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडलेला असतो, त्याची गोल पिन ट्रिमरला किंवा दिव्याला बसते, आणि कोणीतरी उत्साहाने ती लावून पाहते. आतील नाजूक भाग क्षणात जळतो, किंवा बॅटरी तापू लागते. उलट ९ व्होल्टच्या यंत्राला ५ व्होल्ट दिले तर ते जळत नाही, पण चार्जही होत नाही. आणि घरात निर्णय होतो की यंत्र बिघडले. म्हणजे व्होल्ट अधिक झाला तर यंत्र जाते आणि कमी झाला तर यंत्राची अब्रू जाते.

अँपिअरचा नियम वेगळा आहे आणि व्यापारी कुटुंबांना तो चटकन समजेल. चार्जरवर छापलेला अँपिअरचा आकडा ही कॅश क्रेडिटच्या मंजूर मर्यादेसारखी गोष्ट आहे. बँकेने पन्नास लाखांची मर्यादा मंजूर केली म्हणून पन्नास लाख उचललेच पाहिजेत असे नसते. खातेदार गरजेपुरतेच उचलतो. त्याचप्रमाणे यंत्राला १ अँपिअर लागत असेल आणि चार्जर २ अँपिअरचा असेल, तर यंत्र आपल्या गरजेचा १ अँपिअरच घेते. त्यामुळे अँपिअर तेवढाच किंवा अधिक चालतो. कमी मात्र चालत नाही. मर्यादेपेक्षा अधिक उचल होऊ लागली की खाते अडचणीत येते, तसा कमी क्षमतेचा चार्जर तापतो आणि लवकर निकामी होतो. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. लहान यंत्रांवर हा आकडा पुष्कळदा मिलिअँपिअरमध्ये असतो. १००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर. ५०० म्हणजे अर्धा.

हे आकडे सापडतात कोठे? जुना अडॅप्टर हाती असेल तर त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. 'इनपुट' या ओळीत १०० ते २४० व्होल्ट असे काहीतरी असते. ती भिंतीतून येणारी वीज, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. 'आउटपुट' ही ओळ महत्त्वाची. तिच्यात ५ व्होल्ट १ अँपिअर, ९ व्होल्ट ६०० मिलिअँपिअर, असे लिहिलेले असते. आकड्याशेजारी एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर तो एकदिश प्रवाह. लाटेसारखी खूण असेल तर प्रत्यावर्ती. अडॅप्टर हरवला असेल तर यंत्राच्या तळाशी, बॅटरीच्या झाकणाच्या आत किंवा पिनच्या खाचेजवळ 'इनपुट' असे लिहून हेच आकडे दिलेले असतात. अक्षरे इतकी बारीक असतात की आमच्या वयाच्या माणसाला भिंग लागते. सोपा उपाय असा की मोबाइलने त्या लेबलचे छायाचित्र काढावे आणि ते मोठे करून वाचावे. तेच छायाचित्र दुकानात दाखवायलाही उपयोगी पडते.

आता पिनांचे प्रकार पाहू. घरात सध्या साधारण पाच तऱ्हा आढळतात. पहिली, मागच्या काही वर्षांपर्यंत बहुतेक मोबाइलांना असलेली चपटी, एका बाजूला निमुळती मायक्रो यूएसबी पिन. दुसरी, तिच्याहून थोडी जाड व आखूड अशी मिनी यूएसबी. ती आता जुन्या वस्तूंतच दिसते, पण तिच्या वायरी अजून मिळतात. तिसरी, हल्लीची टाइप-सी. हिच्या दोन्ही कडा गोल असून ती उलटसुलट कशीही बसते. या तिन्ही पिनांच्या लहान यंत्रांना बहुधा ५ व्होल्टच लागतात, म्हणून त्यांची वायर मिळवणे सोपे. आकडा मात्र तरीही पाहावा.

चौथी तऱ्हा गोल पिनची, आणि खरी फसगत येथेच होते. बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीच्या दोन पिना डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात. परंतु एकीचे आतील छिद्र २.१ मिलिमीटरचे असते आणि दुसरीचे २.५ मिलिमीटरचे. मोठ्या छिद्राची पिन लहान काडीवर सैल बसते, वायर हलवली की चार्जिंगचा दिवा लुकलुकतो आणि दोष यंत्राला दिला जातो. याखेरीज ३.५ आणि ४ मिलिमीटरच्या बारीक पिनाही असतात. गोल पिनच्या अडॅप्टरवर एका ठिपक्याभोवती अर्धवर्तुळ आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे अशी एक छोटी आकृती असते. मधल्या ठिपक्याला अधिकचे चिन्ह जोडलेले असेल तर पिनच्या आतील बाजू धन आणि बाहेरील ऋण. हीच आकृती यंत्रावरही असते. दोन्ही आकृत्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. जमा आणि नावे यांची अदलाबदल झाली तर खतावणीचे जे होते तेच येथे यंत्राचे होते. फरक एवढाच की खतावणी दुरुस्त करता येते.

पाचवी तऱ्हा म्हणजे लोहचुंबकाने चिकटणाऱ्या दोन ठिपक्यांच्या वायरी. मनगटावरची घड्याळे, चेहरा स्वच्छ करण्याचे ब्रश अशा वस्तूंना त्या असतात. यात दोन ठिपक्यांमधील अंतर निरनिराळे असते, २.८४, ४ आणि ७.६२ मिलिमीटर ही अंतरे बाजारात नेहमी आढळतात. पट्टीने अंतर मोजून, धन-ऋण बाजू पाहून आणि व्होल्ट ताडूनच अशी वायर घ्यावी.

या पाचांहून वेगळी अशी एक जात आहे आणि तिच्याविषयी सावधगिरीचा शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. जुन्या धाटणीच्या पुष्कळ चार्जिंगच्या विजेऱ्या, रेडिओ आणि दाढीची यंत्रे यांना दोन छिद्रांची, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी वायर असते. तिच्यात अडॅप्टर नसतो. भिंतीतील २३० व्होल्ट थेट यंत्रापर्यंत जातात. ही वायर तुटली तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. नवीच घ्यावी, ती सहज मिळते. स्वस्त विजेऱ्यांत आतील भाग भिंतीच्या विजेपासून वेगळा राखलेला नसतो, म्हणून चार्जिंग चालू असताना अशा विजेरीचे झाकण उघडून आत हात घालणे प्राणावर बेतू शकते. घरात लहान मुले असतील तर अशी विजेरी चार्जिंगला कोठे ठेवतो याचाही विचार करावा.

आता एक घटना सांगतो. आमच्या परिचयातील एका कुटुंबात ऐंशी ओलांडलेल्या आजी आहेत. दोन वर्षांपूर्वी मुलाने त्यांना चार्जिंगचे श्रवणयंत्र घेऊन दिले. रात्री यंत्र एका डबीत ठेवायचे आणि ती डबी वायरीने चार्ज करायची, अशी त्याची रचना. दिवाळीच्या साफसफाईत ती वायर कोठेतरी गेली. नातवाने आपल्या मोबाइलची टाइप-सी वायर आणि नवा चार्जर लावून दिला. पिन नीट बसली, पण डबीवरचा दिवा लागला नाही. दोन दिवस प्रयत्न करून घरात ठरले की डबी बिघडली. नवी मागवायची तर खर्च मोठा, शिवाय काही आठवडे थांबणे आले. त्या काळात आजी गप्प झाल्या. जेवायला बोलावले तर येत, पण संभाषणात भाग घेत नसत. पणतू काहीतरी सांगू लागला की हसून मान हलवत. सुनेला वाटले, आपल्याच बोलण्याने सासूबाई दुखावल्या. घरात एक विनाकारण अवघडलेपण आले.

एके दिवशी सूनबाई ती डबी घेऊन पेठेतील मोबाइल दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानात गेल्या. दुकानातील मुलाने विचारले, "काकू, वायरीची दोन्ही टोकं सारखी होती का?" त्या म्हणाल्या, "हो, दोन्हीकडे तीच बारीक पिन." त्याने खणातून एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली साधी वायर काढली, जुन्या चार्जरला लावली आणि डबीला जोडली. दिवा लागला. मुलाने वायरीचे सत्तर रुपये घेतले. त्या रात्री आजींनी पणतवाला गोष्ट सांगितली.

यात जादू काहीच नव्हती. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीची रीत अशी आहे की चार्जर आपण होऊन वीज सोडत नाही. समोरच्या यंत्राकडे तो आधी ओळखीची खूण मागतो. ही खूण म्हणजे यंत्राच्या खाचेमागे बसवलेले ५.१ किलोओहमचे दोन अगदी लहान रोधक. ते असले की चार्जर ओळख पटवून घेतो आणि वीज देतो. आपल्या भाषेत सांगायचे तर केवायसी पूर्ण झाल्याखेरीज खाते उघडत नाही. चांगल्या यंत्रांत हे रोधक असतातच. परंतु पुष्कळ स्वस्त आणि लहान वस्तूंत चार पैसे वाचवण्यासाठी ते गाळलेले असतात. अशा यंत्राला दोन्हीकडे टाइप-सी असलेली वायर कितीही चांगली आणली तरी वीज मिळत नाही. जुनी चौकोनी यूएसबी पिन मात्र अशी विचारपूस करत नाही. तिच्या टोकाला ५ व्होल्ट नेहमीच हजर असतात. म्हणून त्या वायरीने दिवा लागला. नव्या मोबाइलबरोबर आता दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरी येऊ लागल्याने हा प्रसंग घरोघरी घडणार आहे. एखादे टाइप-सीचे लहान यंत्र चार्ज होत नसेल तर ते टाकण्यापूर्वी जुन्या चौकोनी पिनच्या वायरीने एकदा अवश्य पाहावे.

म्हणूनच बाजारात जाण्याआधी घरीच थोडी तपासणी करावी. संशय असलेली वायर दुसऱ्या एखाद्या चांगल्या यंत्राला लावून पाहावी, आणि संशय असलेल्या यंत्राला खात्रीची वायर लावून पाहावी. दोष कोणाचा ते पाच मिनिटांत कळते. यंत्र बंद ठेवून, वायर काढून, त्याची खाच उजेडात पाहावी. ट्रिमरच्या खाचेत केस आणि तेल, स्वयंपाकघरातील यंत्राच्या खाचेत पीठ अडकलेले असते. कोरड्या लाकडी दातकोरणीने ते अलगद काढावे. सुई किंवा टाचणी घालू नये. बॅटरी फुगलेली दिसत असेल, यंत्राचे अंग उकललेले असेल किंवा जळका वास येत असेल तर मात्र कोणतीही वायर शोधू नये. ते यंत्र चार्जिंगला लावणेच थांबवावे.

दुकानात जाताना केवळ जुनी वायर नेऊ नये, यंत्रही बरोबर न्यावे. मॉडेल क्रमांक लिहून न्यावा. खास पिनच्या ट्रिमरसारख्या वस्तूंसाठी प्रथम त्या कंपनीच्या सेवाकेंद्रात मॉडेल क्रमांक सांगून विचारावे. एकाच कंपनीच्या दोन ट्रिमरांना एकच पिन बसते, पण व्होल्ट वेगळे असतात, हेही ध्यानात असू द्यावे. तेथे न मिळाल्यास पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी नाना तऱ्हेच्या पिना आणि अडॅप्टर मिळतात. इतर शहरांतही रेडिओ-मोबाइल दुरुस्तीची एखादी जुनी गल्ली असतेच. वायर घेण्यापूर्वी दुकानातच लावून दिवा लागतो का ते पाहावे, दहा मिनिटे थांबून काही तापत नाही ना याची खात्री करावी आणि बिल घ्यावे. भिंतीत लावायचा चार्जर घेत असाल तर त्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो क्रमांक घालून पडताळता येतो.

आपल्यापैकी अनेक जण गल्ल्याच्या या बाजूला नसून त्या बाजूला बसणारे आहेत. म्हणून दोन शब्द विक्रेत्यांसाठी. दुकानदारीतील सर्वांत महाग शब्द कोणता असे कोणी मला विचारले तर मी 'चालेल' हा शब्द सांगेन. "ही वायर चालेल का?" असे गिऱ्हाईक विचारते आणि आपण आकडा न पाहता "चालेल" म्हणतो. चालली तर आपल्याला सत्तर रुपये मिळतात. नाही चालली तर त्याचे दोन हजारांचे यंत्र जाते आणि आपले गिऱ्हाईक जाते. गल्ल्याजवळ एक भिंग, एक साधा मल्टिमीटर आणि सर्व तऱ्हांच्या पिनांच्या एकेक नमुना वायरी ठेवायला फारसा खर्च येत नाही. वरच्या घटनेतील मुलाने सत्तर रुपयांचा माल विकला, पण त्या घरातील दुरुस्तीचे प्रत्येक काम आता त्याच्याकडे जाते. पेढीची पत अशीच वाढते, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवलेलेच आहे.

जे घाऊक व्यापारी भेटवस्तू किंवा घरगुती उपकरणे मागवतात त्यांनी खरेदीच्या वेळीच तीन प्रश्न विचारावेत. पिन कोणती? दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरीने यंत्र चार्ज होते का? आणि प्रत्येक पेटीबरोबर काही सुट्या वायरी मिळतील का? नमुना हाती असताना दुसरा प्रश्न आपणच एका मिनिटात तपासू शकतो. कायदाही ध्यानात असावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विकलेली सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही त्यातच येते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही बिलावरची ओळ सदोष मालाच्या बाबतीत ढाल होऊ शकत नाही.

परिस्थिती हळूहळू सुधारते आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइल, टॅब्लेट, कॅमेरे, हेडफोन अशा वस्तूंना टाइप-सी ही एकच खाच सक्तीची केली. त्या मोठ्या बाजारासाठी तयार होणारा मालच जगभर जात असल्याने त्याचा परिणाम आपल्याकडेही दिसतो. भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले आहे. तथापि ट्रिमर, ब्लेंडर, श्रवणयंत्र या वस्तू युरोपच्या त्या यादीत नाहीत, म्हणून आपल्या खणातील गोंधळ एवढ्यात संपणार नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची कंपन्यांची माहिती तेथे एकत्र मिळते. सुटा भाग देण्यास कंपनी टाळाटाळ करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

शेवटी घरच्या व्यवस्थेविषयी. नवी वस्तू घरात आली त्याच दिवशी तिच्या वायरीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून वस्तूचे नाव आणि व्होल्ट लिहावेत. वायरीच्या दोन्ही टोकांना लिहिले तर उत्तम. सर्व वायरी एका डब्यात ठेवाव्यात, पण गाठ मारून नव्हे; सैल वेटोळे करून, कारण वायर बहुधा पिनजवळच्या मानेशी मुडपून तुटते. काढताना वायर ओढू नये, पिनला धरून काढावी. आणि एक लहानशी वही करावी. वस्तू, मॉडेल क्रमांक, खरेदीची तारीख, पिन, व्होल्ट, अँपिअर असे सहा रकाने पुरेत. हिशेबाच्या वह्या पिढ्यान् पिढ्या सांभाळणाऱ्या आपल्या घरांना हे जड नाही. ही वही घरातील शाळकरी मुलांकडे सोपवावी. त्यांचे डोळे बारीक अक्षरे वाचतात आणि त्यांना हे काम आवडते.

ज्या वायरी आणि यंत्रे खरोखरच निकामी झाली असतील ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. तांबे काढण्यासाठी अशा वायरी उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच ही वस्तू जावी.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझे उत्तर थोडक्यात असे: मार्ग आहे. 'मिळत नाही' हे पहिले उत्तर शेवटचे मानू नका. यंत्रावरचे दोन आकडे वाचा, यंत्र बरोबर न्या, लावून पाहा आणि मग ठरवा. आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या हातातील यंत्र बंद पडले असेल तर हे काम आजच करा. कारण त्यांच्यापैकी बरेच जण आपणहून सांगत नाहीत.

पुढील अंकात बँकेच्या लॉकरसंबंधी बदललेल्या नियमांचा विचार करू. आपले प्रश्न नेहमीप्रमाणे संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत.